एक पत्ता, अनेक यंत्रे

२० एप्रिल २०२४ हा शनिवार होता. दुपारी दोन वाजता उत्तर प्रदेश माध्यमिक शिक्षा परिषदेने, म्हणजे सगळे ज्याला ‘यूपी बोर्ड’ म्हणतात त्या मंडळाने, दहावी आणि बारावीचे निकाल एकाच वेळी जाहीर केले. दोन्ही परीक्षांसाठी मिळून त्या वर्षी ५५ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नोंदणी केली होती. फिनलंड या अख्ख्या देशाची लोकसंख्या जवळपास एवढीच भरते.

लखनौहून हरदोईच्या रस्त्याला लागले की साधारण पंचवीस किलोमीटरवर मलिहाबाद येते. दशेरी आंब्यासाठी देशभर ओळखला जाणारा हा भाग. शायर जोश मलिहाबादी इथलेच. एप्रिलमध्ये इथल्या बागांतल्या कैऱ्या अजून हिरव्या असतात, तोड जूनमध्ये. निकाल मात्र तोडीसारखा महिनाभर चालत नाही, तो एका ठोक्याला येतो. मलिहाबादच्या मुलीच्या मोबाइलमध्ये त्या दुपारी जो पत्ता टाइप झाला, तोच गाझियाबादेत, तोच बलियात, तोच ललितपूरमध्ये. शिवाय प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक मामा, एक काका आणि एक शिकवणीचे सर असतातच. तेही आपापल्या फोनवर तोच रोल नंबर टाकून पाहतात.

साधा हिशेब करून पाहावा. समजा, पहिल्या अर्ध्या तासात फक्त ५० लाख वेळा निकालाचे पान उघडले गेले. म्हणजे सेकंदाला सुमारे २,८००. पण एक पान उघडणे म्हणजे एक विनंती नव्हे. पानाचा मजकूर, त्याची सजावट ठरवणारी फाइल, मंडळाचे बोधचिन्ह, रोल नंबर भरायचा फॉर्म आणि शेवटी गुणपत्रिका असे पाच-सहा फेरे धरले, तर आकडा सेकंदाला पंधरा हजारांच्या आसपास जातो. आणि गर्दी अर्ध्या तासात सारखी पसरत नाही. पहिल्या दोन-तीन मिनिटांत ती या सरासरीच्या कितीतरी पट असते.

यूपी बोर्डाची स्थापना १९२१ची आणि पहिली परीक्षा १९२३ची. निकाल वर्तमानपत्रात छापून यायचे, तेव्हा ही अडचण नव्हती, कारण कागद आपोआप वाटला जातो. लाखो प्रती लाखो हातांत जातात आणि एक जण आपला रोल नंबर शोधत असला तरी दुसऱ्याची प्रत अडत नाही. संगणकावर निकाल आला आणि सगळे राज्य एका दारात उभे राहिले.

रांग का तुंबते

एखादा सर्व्हर मोठा घेतला, आणखी मोठा घेतला, तर प्रश्न सुटेल असे वाटणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर इंटरनेटच्या कितीतरी आधी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर क्रारुप एर्लांग या गणितज्ञाने शोधायला सुरुवात केली होती. १९०९ साली त्याने टेलिफोन कॉलच्या गर्दीचे गणित मांडले आणि रांगांचे शास्त्र तिथून उभे राहिले. त्या शास्त्रातली सर्वांत साधी रांग घेतली, म्हणजे काम करणारा एकच आणि येणारे कधीही येणारे, तरी एक विलक्षण गोष्ट दिसते. एका विनंतीला दशांश सेकंद लागत असेल आणि यंत्र निम्मा वेळ मोकळे असेल, तर माणसाला सरासरी ०.२ सेकंदांत उत्तर मिळते. यंत्र ९० टक्के व्यस्त झाले की तेच उत्तर एका सेकंदाने येते. ९९ टक्क्यांवर दहा सेकंद. काम फक्त दहा टक्क्यांनी वाढले, ताटकळणे दहापट झाले.

आणि माणूस दहा सेकंद थांबत नाही. तो पान पुन्हा लोड करतो. जुनी विनंती सर्व्हरवर तशीच चालू राहते, नवी तिच्या मागे उभी राहते. थकलेल्या यंत्रावर आता त्याच माणसाची दोन कामे आहेत, थोड्या वेळाने चार. निकालाच्या दिवशी साइट ‘बसते’ ती बहुधा अशी: विद्यार्थ्यांच्या संख्येमुळे सुरुवात होते आणि विद्यार्थ्यांच्या काळजीमुळे शेवट होतो.

म्हणून काम अनेक यंत्रांत वाटायचे. मलिहाबादेतच हाजी कलीमुल्लाह खान यांचे एक झाड आहे. एकाच खोडावर कलमे बांधून त्यांनी त्यावर तीनशेहून अधिक जातींचे आंबे आणले. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वेब सर्व्हरांच्या ताफ्यात नेमके याच्या उलट साधायचे असते: खोडे अनेक, पण पाहणाऱ्याला झाड एकच दिसले पाहिजे. मुलगी एकच पत्ता टाइप करते; तिला उत्तर देणारे यंत्र पाचवे आहे की सतरावे, हे तिला कळायचे कारण नाही. या वाटणीला लोड बॅलन्सिंग म्हणतात. वाटणे हा यातला सोपा भाग आहे. कोणाला वाटायचे नाही हे वेळेवर कळणे आणि वाटल्यावर मागे एकच अरुंद दार उरलेले नसणे, खरी कसोटी या दोन ठिकाणी लागते.

पत्त्यांची फिरती यादी

पहिला उपाय जवळजवळ फुकटातला होता. साइटचे नाव टाइप केले की फोन आधी डीएनएस या व्यवस्थेला विचारतो, की या नावाचा आकड्यांतला पत्ता कोणता. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्राने मोझॅइक हा ब्राउझर लोकांना दिला आणि त्यांच्याच वेब सर्व्हरवर गर्दी उसळली. १९९४ साली तिथल्या अभियंत्यांनी एका नावामागे अनेक यंत्रांचे पत्ते ठेवले आणि डीएनएसने ते पाळीपाळीने द्यावेत अशी सोय केली. पहिल्याला पहिला पत्ता, दुसऱ्याला दुसरा, यादी संपली की पुन्हा पहिला. याला राउंड रॉबिन म्हणतात. ही पद्धत आजही वापरात आहे.

तिचा दोष मात्र जुनाच आहे. डीएनएसचे उत्तर वाटेत ठिकठिकाणी साठवून ठेवले जाते. मोबाइल कंपनीच्या डीएनएस सर्व्हरने एकदा तिसऱ्या यंत्राचा पत्ता घेतला की पुढची काही मिनिटे तिचे हजारो ग्राहक तिसऱ्याच यंत्राकडे जाणार. आणि तिसरे यंत्र बंद पडले तरी यादीला ते कळत नाही. ती आपली त्याचा पत्ता देत राहते. साठवणीची मुदत कमी ठेवली, तीस सेकंद वगैरे, तर दुखणे कमी होते, पण जात नाही.

मग १९९६–९७च्या सुमारास बाजारात वेगळी पेटी आली. सिस्कोचा लोकल डायरेक्टर आणि सिअ‍ॅटलच्या एफ५ कंपनीचा बिग-आयपी ही त्यातली गाजलेली नावे. ही पेटी सर्व यंत्रांच्या पुढे बसते. बाहेरच्या जगाला फक्त तिचाच पत्ता माहीत असतो. त्याला व्हर्च्युअल आयपी म्हणतात. विनंती तिच्याकडे येते आणि मागच्या कोणत्या यंत्राकडे पाठवायची ते ती त्या क्षणी ठरवते. आज हे काम करायला पेटी विकत घ्यावी लागत नाही. चीनमधल्या वेन्साँग झँग यांनी १९९८ साली लिनक्सच्या गाभ्यातच अशी सोय सुरू केली, फ्रान्सच्या विली तारो यांनी एचएप्रॉक्सी लिहिले, रशियाच्या इगोर सिसोएव्ह यांनी २००४ साली एनजिनएक्स लोकांपुढे ठेवले. तिन्ही फुकट, तिन्हींचा कोड उघडा. देशातल्या कितीतरी लहानमोठ्या साइट आज यांच्यावर उभ्या आहेत, आणि याचे श्रेय या माणसांना पुरेसे दिले जात नाही.

पेटीशिवायची वाटणी

मायक्रोसॉफ्टने निराळाच रस्ता घेतला आणि तो मुळातून समजून घेण्यासारखा आहे. १९९८ साली त्यांनी व्हॅलेन्स रिसर्च ही छोटी कंपनी तिच्या ‘कॉन्व्हॉय’ या उत्पादनासह विकत घेतली. तेच पुढे विंडोज सर्व्हरमध्ये ‘नेटवर्क लोड बॅलन्सिंग’ या नावाने आले. सरकारी कार्यालये, सहकारी बँका, विद्यापीठे, जिथे जिथे विंडोज सर्व्हर होते तिथे ते वर्षानुवर्षे वापरले गेले, कारण वेगळी पेटी नको आणि वेगळा खर्चही नको.

यात वाटणारा कोणीच नसतो. ताफ्यातली सगळी यंत्रे, जास्तीत जास्त ३२, एकच सामाईक आयपी पत्ता घेऊन बसतात. येणारे प्रत्येक डेटा पॅकेट प्रत्येक यंत्रापर्यंत पोचते. प्रत्येक यंत्र पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर आणि पोर्टवर तेच गणित करते. उत्तर ‘माझे’ आले तर घेते, नाहीतर टाकून देते. गणित सगळ्यांचे सारखे असल्याने एका विनंतीवर दोघे हात टाकत नाहीत आणि एकही विनंती बेवारस राहत नाही. विचारले कोणाला नाही, सांगितले कोणी नाही, तरी वाटणी झाली. या रचनेत खरोखर सौंदर्य आहे.

एकमेकांची हयात कळावी म्हणून ही यंत्रे दर सेकंदाला एक छोटा संदेश सोडतात. त्याला हार्टबीट म्हणतात. एखाद्या यंत्राचे सलग पाच ठोके चुकले की बाकीची यंत्रे ते गेले असे मानतात, नव्याने सहमती करतात आणि त्याचा हिस्सा आपसांत वाटून घेतात. म्हणजे पाच-दहा सेकंदांत ताफा सावरतो.

बसवताना मात्र तीन ठिकाणी नीट लक्ष द्यावे लागते. पहिले, पोर्टचे नियम. वेबची वाहतूक ८० आणि ४४३ या पोर्टवर येते. तेवढीच वाटायची, बाकीची दारे बंद ठेवायची. दुसरे, युनिकास्ट की मल्टिकास्ट, म्हणजे पॅकेट सगळ्या यंत्रांपर्यंत कोणत्या रीतीने पोचवायचे. युनिकास्टमध्ये सगळी यंत्रे एकच मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता, धारण करतात आणि पॅकेट सर्वांना मिळावे म्हणून तो पत्ता स्विचपासून मुद्दाम लपवला जातो. स्विचला तो पत्ता कोणत्या तोंडावर आहे हे कधीच कळत नाही, म्हणून तो प्रत्येक पॅकेट सगळ्या तोंडांतून बाहेर टाकतो. ताफ्याला स्वतंत्र स्विच किंवा स्वतंत्र व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचा वेगळा कप्पा, दिला नाही, तर कार्यालयातला प्रत्येक संगणक ही वाहतूक विनाकारण ऐकत राहतो आणि नेटवर्क संथ का झाले हे दिवसदिवस कळत नाही.

तिसरे ठिकाण म्हणजे अ‍ॅफिनिटी, एकदा आलेला ग्राहक पुन्हा त्याच यंत्राकडे जावा की नाही. याकडे थोड्या वेळाने यायचे आहे.

जिवंत आहे, पण काम करतो का?

विंडोजच्या या पद्धतीत एक गंभीर उणीव आहे. हार्टबीट यंत्राचा असतो, त्यावर चालणाऱ्या वेब सर्व्हरचा नव्हे. यंत्र चालू आहे, ठोके नियमित आहेत, पण वेब सर्व्हरचा प्रोग्राम गोठला आहे, असे झाले तर ताफ्याला काहीच कळत नाही. त्या यंत्राच्या वाट्याला येणारे विद्यार्थी कोऱ्या पानाकडे पाहत राहतात. चार यंत्रांत एक असे असेल तर चारांतल्या एकाला निकाल दिसत नाही, बाकीच्या तिघांना दिसतो, आणि मदतकेंद्रावर बसलेला माणूस म्हणतो, “माझ्याकडे तर उघडतेय.” सर्वांत चिवट तक्रारी अशाच असतात.

म्हणूनच पुढे बसणाऱ्या बॅलन्सरमध्ये हेल्थ चेक असतो. एचएप्रॉक्सीला सांगितले की तो ठरावीक काळाने प्रत्येक यंत्राला विचारतो. मूळ सेटिंगमध्ये दर दोन सेकंदांनी. सलग तीनदा उत्तर चुकले तर यंत्र यादीतून बाहेर, सलग दोनदा बरोबर आले तर पुन्हा आत. विचारायचे काय, हे मात्र माणसाने ठरवायचे असते आणि इथेच अनुभव दिसतो. पोर्ट उघडे आहे का एवढेच विचारले, तर गोठलेला प्रोग्रामही पास होतो. मुखपृष्ठ मागितले तर ते साठवणीतून येऊ शकते. चांगला प्रशासक एक छोटे वेगळे पान लिहितो, जे डेटाबेसमधून एक खरी नोंद वाचते आणि ती मिळाली तरच ‘ठीक’ म्हणते.

पण त्यातही धोका आहे. डेटाबेस क्षणभर मंदावला तर सगळी यंत्रे एकाच वेळी नापास होतील आणि बॅलन्सर सगळ्यांनाच बाहेर काढील. यंत्रे धडधाकट, साइट बंद. म्हणून तपासणी फार वरवरची नको आणि फार खोलही नको. आणि सगळेच नापास दिसत असतील तर निकाल यंत्रांचा नव्हे, तपासणीचा चुकला आहे असे मानून सर्वांना काम देत राहावे, अशी तजवीज आजचे अनेक बॅलन्सर करतात.

वाटणीच्या रीतीबाबतही असेच फसायला होते. पाळीपाळीने देण्याऐवजी ज्याच्याकडे सध्या सर्वांत कमी जोडण्या उघड्या आहेत त्याला द्यावे, ही रीत ऐकायला जास्त शहाणी वाटते आणि बहुतेक वेळा तशी असतेही. पण एक बिघडलेले यंत्र आहे असे समजू. ते विनंती आली की काही न करता लगेच ‘चूक’ असे उत्तर देऊन मोकळे होते. त्याच्याकडे जोडण्या सर्वांत कमी. बॅलन्सरच्या लेखी ते सर्वांत तत्पर! सगळी गर्दी तिकडे वळते आणि एक आजारी यंत्र अख्ख्या ताफ्याचे विद्यार्थी गिळते.

या क्षेत्रातला सर्वांत देखणा शोध १९९०च्या दशकातला आहे. चार संगणकशास्त्रज्ञांनी १९९४ साली त्याचे गणित मांडले आणि मायकेल मिट्झेनमाखर यांनी १९९६च्या प्रबंधात ते पुढे नेले. सगळ्या यंत्रांची स्थिती तपासत बसू नका. चिठ्ठी टाकल्यासारखी कोणतीही दोन यंत्रे निवडा आणि त्यांतल्या कमी व्यस्त यंत्राला काम द्या. एकच यंत्र चिठ्ठीने निवडले तर काहींवर बराच ढीग साचतो. दोन पाहून एक निवडले तर तो ढीग आश्चर्य वाटावे इतका घटतो. तीन किंवा चार पाहिल्याने त्यानंतर फारसा फरक पडत नाही. एनजिनएक्समध्ये ही रीत आज एका ओळीत लिहिता येते.

एका पत्त्यामागे अख्खा तालुका

आता अ‍ॅफिनिटी. काही कामांत सर्व्हरला ग्राहक लक्षात ठेवावा लागतो: त्याने लॉगइन केले आहे, फॉर्मचे दुसरे पान भरले आहे, पैसे भरायला निघाला आहे. ही आठवण एका यंत्राच्या मेमरीत असेल तर पुढची विनंतीही त्याच यंत्राकडे गेली पाहिजे. यासाठी सर्वांत सोपा उपाय म्हणजे ग्राहकाच्या आयपी पत्त्यावरून यंत्र ठरवणे. विंडोजच्या व्यवस्थेत याला ‘सिंगल’ अ‍ॅफिनिटी म्हणतात, एनजिनएक्समध्ये आयपी हॅश.

अमेरिकेतल्या पुस्तकांत हा उपाय निर्धोक दिसतो. भारतात तो सहज उलटतो. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात केव्हाच अपुरे पडले, म्हणून मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना आतले खासगी पत्ते देतात आणि बाहेर जाताना मोजक्या सार्वजनिक पत्त्यांमागे एकत्र करतात. या आतल्या पत्त्यांसाठी २०१२ साली पत्त्यांचा एक वेगळा पट्टाच राखून ठेवला गेला. परिणाम असा, की बॅलन्सरला मलिहाबाद, काकोरी आणि माल इथले हजारो फोन एकाच ग्राहकासारखे दिसू शकतात. आयपीवरून यंत्र ठरवले, की ते सगळे एकाच सर्व्हरवर कोसळतात. शेजारचा सर्व्हर रिकामा. एनजिनएक्सची आयपी हॅश तर पत्त्याचे पहिले तीनच भाग पाहते, म्हणजे त्या कंपनीचे आसपासचे अडीचशे पत्तेही एकाच टोपलीत.

उपाय आहे. ब्राउझरला एक कुकी द्यावी आणि तिच्यावरून यंत्र ओळखावे. त्याहून चांगले म्हणजे ग्राहकाची आठवण कोणत्याच वेब सर्व्हरवर न ठेवता सर्वांना पोचता येईल अशा सामाईक जागी ठेवावी. मग कोणत्याही यंत्राने कोणाचेही काम उचलावे, आणि मधेच एखादे बंद पडले तरी विद्यार्थ्याला पुन्हा लॉगइन करावे लागू नये. निकालाच्या पानाला तर आठवणीची गरजच नाही. रोल नंबर आला, गुणपत्रिका गेली, संबंध संपला. शिवाय गुण बदलत नाहीत. निकाल जाहीर होण्याआधीच सगळ्या गुणपत्रिका तयार करून प्रत्येक यंत्रावर एकेक पूर्ण प्रत ठेवता येते, आणि मग मागे डेटाबेस नावाचे अरुंद दारच उरत नाही. इतक्या लाखांचा निकाल ही अभियांत्रिकीच्या दृष्टीने सोप्या प्रकारची गर्दी आहे, ती एवढ्यासाठी.

अवघड गर्दी रेल्वेच्या तत्काळ तिकिटाची. आयआरसीटीसीची ऑनलाइन तिकीटविक्री ऑगस्ट २००२ मध्ये सुरू झाली. २०१४ साली नवी यंत्रणा आली तेव्हा मिनिटाला २,००० ऐवजी ७,२०० तिकिटे देण्याची क्षमता जाहीर झाली. पुढची वेब यंत्रे कितीही वाढवली तरी लखनौ मेलच्या एका डब्यातला ३२ नंबरचा बर्थ एकच आहे आणि तो दोघांना देता येत नाही. शेवटी सगळ्या यंत्रांना एकाच नोंदीपाशी येऊन थांबावे लागते. कोविड लशीच्या नोंदणीसाठीच्या कोविन साइटवरही हेच दिसले. २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता १८ ते ४४ वयोगटासाठी नोंदणी उघडली. सरकारने सांगितले की साइटवर सेकंदाला ५५ हजार विनंत्या येत होत्या. सुरुवातीचा गोंधळ सोडला तर पहिल्याच दिवशी सव्वा कोटीहून जास्त लोकांची नोंदणी झाली, कारण प्रत्येकाची नोंद स्वतंत्र होती. लशीची वेळ मिळवणे मात्र पुढचे कित्येक आठवडे हातघाईचे राहिले. तिथे लस कमी होती, आणि उरलेल्या थोड्या जागांवर सगळे एकाच वेळी हात घालत होते. सर्व्हर वाढवून लस वाढत नाही.

घड्याळाची मदत

जून २०१५ मध्ये रेल्वेने एक निर्णय घेतला जो लोड बॅलन्सिंगच्या पुस्तकांत सहसा आढळत नाही, पण आढळायला हवा. तत्काळचे वातानुकूलित डबे सकाळी दहाला आणि बाकीचे अकराला असे वेगळे केले. एकही यंत्र न वाढवता शिखराचे दोन तुकडे झाले.

महाराष्ट्रातले पालक हे दरवर्षी अनुभवतात, फक्त त्याकडे या नजरेने कोणी पाहत नाही. राज्य मंडळाने २०२४ साली बारावीचा निकाल २१ मे रोजी आणि दहावीचा २७ मे रोजी लावला, दोन्ही दुपारी एक वाजता. नऊ विभागीय मंडळांचे विद्यार्थी एकाच ठोक्याला साइटवर येतात, पण बारावीचे वेगळ्या दिवशी आणि दहावीचे वेगळ्या दिवशी. यूपी बोर्डाने त्या वर्षी दोन्ही एकत्र लावले. शिवाय निकाल एकापेक्षा जास्त साइटवर आणि डिजिलॉकरवर द्यायची पद्धत आता दोन्हीकडे रुळली आहे. यातून गर्दी यंत्रांच्या आधी, माणसांच्या पातळीवरच पांगते. दोन्ही निकाल वेगळ्या दिवशी लावणे हा सर्वांत स्वस्त बॅलन्सर आहे, आणि इतके विद्यार्थी असलेल्या उत्तर प्रदेशाने तो वापरावा असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

गर्दी वाढतानाच त्रास देते असेही नाही. १० जुलै २०१९ रोजी मँचेस्टरच्या विश्वचषक उपांत्य सामन्यात हॉटस्टारवर एकाच वेळी २ कोटी ५३ लाख लोक सामना पाहत होते, तेव्हाचा जागतिक विक्रम. महेंद्रसिंग धोनी धावबाद झाला आणि लोक झपाट्याने निघून गेले. निघून गेले म्हणजे काय केले? व्हिडिओतून मागे आले, आणि मागे आले की अ‍ॅपचे मुखपान उघडते. व्हिडिओ देणारी यंत्रे रिकामी झाली आणि मुखपान तयार करणाऱ्या यंत्रांवर लाट आदळली. तिथल्या अभियंत्यांना हे आधीच ठाऊक होते. प्रेक्षक कमी झाले म्हणून यंत्रे लगेच काढून घ्यायची नाहीत, आणि वेळ आलीच तर ‘तुमच्यासाठी निवडक’सारखे सजावटीचे भाग बंद करून मुख्य गोष्ट चालू ठेवायची, अशी त्यांची तयारी होती. निकालाच्या साइटनेही हेच करावे: मंत्र्यांचे फोटो, सरकणाऱ्या घोषणा, पाहुण्यांचा मोजणारा आकडा, सगळे त्या दिवशी काढून टाकावे. मलिहाबादच्या बागेत उभ्या असलेल्या फोनला टॉवर धड मिळत नाही. तिथे निकालाचे पान जितके हलके तितके ते लवकर पोचते.

अशा संथ फोनचा सर्व्हरवरही भार पडतो, हे सहसा लक्षात येत नाही. गुणपत्रिका तयार व्हायला दशांश सेकंद लागतो, पण ती कमकुवत नेटवर्कवरून उतरायला दहा सेकंद लागले तर तेवढा वेळ सर्व्हरचा एक कामकरी नुसता हात धरून उभा राहतो. पुढे एनजिनएक्ससारखा बॅलन्सर असेल आणि त्याचे बफरिंग चालू असेल, तर तो पूर्ण उत्तर स्वतःकडे घेतो, मागच्या यंत्राला मोकळे करतो आणि संथ फोनला त्याच्या गतीने देत बसतो. हजारो संथ जोडण्या एकदम सांभाळणे हेच एनजिनएक्स लिहिण्यामागचे मूळ कारण होते. वेग वाढेल म्हणून काही जण हे बफरिंग बंद करतात. शहरातल्या फायबरवर चाचणी घेतली तर फरक दिसत नाही. गावातली गर्दी आली की ताफा बसतो.

किती यंत्रे, आणि तालीम

चार यंत्रे प्रत्येकी ८० टक्के भरलेली चालवणे हा काटकसरीचा नमुना वाटतो. त्यातले एक पडले की उरलेल्या तिघांवर १०७ टक्के भार येतो. मग दुसरे पडते, आणि उरलेल्या दोघांना तर आशाच नसते. चार यंत्रे असतील तर कोणत्याही क्षणी सर्वांचा भार ७५ टक्क्यांच्या आत हवा, आणि रांगेचे गणित आठवले तर त्याहूनही बराच आत, साठच्या आसपास. बॅलन्सरही एकटा ठेवायचा नाही. तोच पडला तर मागची शाबूत यंत्रे कोणाच्या उपयोगाची नाहीत. दोन बॅलन्सर जोडीने बसवतात, पहिला गप्प झाला की दुसरा काही सेकंदांत तोच आयपी पत्ता आपल्याकडे घेतो.

हे सगळे बसले आहे की नाही, ते निकालाच्या आधी आठ-पंधरा दिवस पाहून घ्यावे लागते. जेमीटरसारखे फुकट साधन खोट्या विद्यार्थ्यांची गर्दी उभी करते. पण ती गर्दी एकाच संगणकावरून पाठवली तर आयपीवर आधारलेली वाटणी सगळे एकाच यंत्राकडे ढकलील आणि चाचणी खोटा निष्कर्ष देईल. म्हणून ती अनेक ठिकाणांहून, काही मोबाइल जोडण्यांवरूनही पाठवायची. रोल नंबरही वेगवेगळे हवेत, नाहीतर साठवणीतले एकच उत्तर सर्वांना जाते आणि डेटाबेसला हातही लागत नाही. गर्दी शिखरावर असताना एका यंत्राची वायर मुद्दाम काढायची. नेटफ्लिक्सने याच कामासाठी केऑस मंकी नावाचा प्रोग्राम लिहिला होता. तो कामाच्या वेळेत खरी यंत्रे अचानक बंद करत असे. वायर काढल्यावर किती सेकंदांत यंत्र यादीतून बाहेर गेले, तेवढ्या वेळात किती विद्यार्थ्यांना चुकीचे उत्तर मिळाले, आणि वायर परत लावल्यावर त्या नुकत्या जाग्या झालेल्या यंत्रावर पूर्ण हिस्सा एकदम आला की हळूहळू, हे तीन आकडे लिहून ठेवायचे. तिसऱ्याकडे सहसा कोणी पाहत नाही. रिकाम्या साठवणीनिशी उठलेले यंत्र पहिल्या मिनिटात संथ असते. त्याला स्लो स्टार्टने, म्हणजे हळूहळू चढत्या वाट्याने काम द्यायची सोय अनेक बॅलन्सरांत असते, आणि ती बहुधा मुळात बंद असते.